कारणे दाखवा!



हॉस्टेलच्या गेटवर वॉचमनकाकांच्या टेबलावर जे लांबडं रजिस्टर असतं त्यात तुम्ही सही रोज करता, पण ते वाचलंय का कधी? नाव, खोली क्रमांक, बाहेर गेल्याची वेळ, परत आल्याची वेळ आणि सगळ्यात शेवटी ‘कारण’. साहित्य मंडळाने कथास्पर्धा ठेवली की दोन एंट्रीज येतात, तिसरीसाठी मुदत वाढवावी लागते. आणि इथे रोज रात्री साडेदहानंतर अर्ध्या तासात पंधरा कथा लिहून होतात! ‘ट्रेन लेट.’ त्याखाली ‘ट्रेन लेट.’ त्याखाली नुसते वरीलप्रमाणेचे दोन टिंबं. एकाच ट्रेनने दहा जण लेट, आणि त्यातले तिघे हिंदुस्तान नाक्यावरून चायनीज खाऊन चालत आलेले!

तर मुद्दा असा, की हा लेख कारणांबद्दल आहे. म्हणजे खऱ्या कारणांबद्दल थोडा आणि सबबींबद्दल जास्त. आपल्या भाषेत या कामासाठी किती शब्द आहेत, ते कुठून आले, आणि इंजिनीअर होऊ घातलेल्या मंडळींनी त्यांच्याकडे जरा नीट का बघायला हवं, एवढंच सांगायचं आहे. उपदेश करायचा इरादा नाही. (हे वाक्यसुद्धा उपदेश करण्याआधीची नेहमीची सबब आहे, हे मला माहीत आहे!)

आधी शब्द बघू. ‘कारण’ हा सरळमार्गी शब्द. दिवा का गेला, तर फ्यूज उडाला. संपलं. ‘सबब’ हा शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे आला फारसीच्या वाटेने. मूळ अर्थ कारण असाच. पण मराठीत येऊन तो बिघडला आणि त्याच्यामागे ‘लंगडी’ किंवा ‘लटकी’ हे विशेषण कायमचं चिकटलं. गंमत अशी की सरकारी आणि कोर्टाच्या मराठीत हाच शब्द अजून ताठ मानेने उभा आहे. ‘सबब, अर्जदाराचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ इथे सबब म्हणजे ‘म्हणून’. म्हणजे आपण सबब सांगायची आणि समोरच्याने ‘सबब’ असं लिहूनच ती फेटाळायची! एकाच शब्दाने दोन्ही बाजूंची वकिली करणं हे मराठीतच जमू शकतं.

‘बहाणा’ फारसी. त्यात थोडं नाटक आहे, थोडा लाडिकपणाही आहे. सबब ऑफिसात सांगतात, बहाणा घरी करतात. ‘बतावणी’ तर थेट तमाशाच्या फडावरची. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने तमाशा रंगतो. आपल्याकडे व्हायव्हाच्या आदल्या दिवशी पोटदुखीची बतावणी रंगते, आणि व्हायव्हा पुढे ढकलली की ताबडतोब वग सुरू होतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो ‘निमित्त’ हा शब्द. संस्कृतातून आलेला, गीतेतल्या ‘निमित्तमात्र’मुळे सगळ्यांच्या ओळखीचा. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, ‘तो आधीच थकला होता, ताप नुसता निमित्त झाला.’ किती नेमकं आहे बघा! मूळ कारण वेगळं आणि ऐनवेळी ठिणगी टाकणारं निमित्त वेगळं. आपल्याला फेल्युअर अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या लेक्चरला हाच फरक अर्धा तास घालवून शिकवतात, आजीने तो एका वाक्यात सांगितलेला असतो. स्टाफसाठीही या शब्दाची एक गोड नातेवाईक आहे, ‘नैमित्तिक रजा’. म्हणजे काही निमित्त झालं तर घ्यायची रजा. विद्यार्थ्यांना ती नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यानंतर वाक्प्रचार. जबाबदारी टाळण्याचे आपले बहुतेक वाक्प्रचार शरीरावर बेतलेले आहेत. हात झटकणे, हात वर करणे, काखा वर करणे, कानांवर हात ठेवणे, अंग काढून घेणे, काढता पाय घेणे, तोंड चुकवणे, डोळेझाक करणे. नखशिखांत व्यायाम! आणि एवढं करूनही भागलं नाही तर खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं आहेच. स्वयंपाकघर आणि घरकामही मागे नाही. ‘सारवासारव’ आली जमीन सारवण्यावरून. भेगा बुजत नाहीत, तेवढ्यापुरत्या दिसेनाशा होतात. ‘पांघरूण घालणे’ आईकडून. ‘लोणकढी थाप’ ताजी, नुकतीच कढवलेली. आणि ‘वेळ मारून नेणे’ तर सबमिशनच्या आठवड्यात सर्वांचं राष्ट्रगीत असतं.

हॉस्टेलने स्वतःची भर घातली आहे ती वेगळीच. लेक्चरला दांडी मारतात किंवा बुट्टी मारतात, मीटिंगमधून कल्टी मारतात, मित्राला टांग देतात, वॉर्डनसरांना पुड्या सोडतात आणि घरी फोनवर बंडल मारतात. दांडी, बुट्टी, कल्टी, बंडल, सगळं ‘मारायचं’! इतकी मारामारी करूनही आपण सगळे स्वभावाने गरीब, हे विशेष.

म्हणींचं तर विचारूच नका. नाचता येईना अंगण वाकडं, रांधता येईना ओली लाकडं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पडलं तरी नाक वर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. चोराच्या उलट्या बोंबा. या सगळ्या म्हणी कुणी केल्या असतील? सबबी सांगणाऱ्यांनी नक्कीच नाही. ऐकून ऐकून कंटाळलेल्या माणसांनी केल्या. म्हणजे आपल्या पूर्वजांनाही हा त्रास होताच.

आता कुणी म्हणेल, हे आपलं मराठी माणसाचंच दुखणं. मुळीच नाही! हाँगकाँग आणि दक्षिण चीनमध्ये जी कँटोनीज बोलतात तिच्यात या विषयाचा खजिना आपल्या तोडीस तोड आहे. जबाबदारी झटकण्याला ते म्हणतात ‘खांदा पाडणं’. ओझं खांद्यावरून हळूच घसरवून द्यायचं. आपण हात झटकतो, ते खांदा पाडतात. प्रश्न इकडून तिकडे टोलवत राहणाऱ्याला म्हणतात की हा ‘ताय ची खेळतोय’. ताय ची म्हणजे तो संथ, गोल गोल हात फिरवण्याचा व्यायाम. आपल्या टोलवाटोलवीचं इतकं सुंदर चित्र आपल्यालाही सुचलं नाही. दुसऱ्याच्या चुकीचा आरोप मुकाट्याने स्वतःवर घेणं म्हणजे त्यांच्याकडे ‘मेलेलं मांजर खाणं’. ग्रुप प्रोजेक्टमध्ये दर वर्षी एकाला हे मांजर खावं लागतं, तो कोण हे ज्याचं त्याला माहीत आहे.

आणि आपल्या वाकड्या अंगणाची सख्खी बहीण त्यांच्याकडे आहे. (संपादकांनी क्षमा करावी.) शौचाला होईना, तर म्हणे जमीनच कडक! आणखी एक म्हण आहे, तिचा भावार्थ असा की धाडकन पडलास तर उठताना मूठभर वाळू घेऊनच ऊठ. म्हणजे बघणाऱ्यांना वाटावं, हा वाळू घ्यायलाच वाकला होता! पडलं तरी नाक वर आणि ही वाळूची मूठ यांच्यामध्ये हजारो किलोमीटर अंतर आहे, पण माणूस तोच आहे. सबब ही कुठल्या एका जातीची, देशाची किंवा ब्रँचची मक्तेदारी नाही. (मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी.)

शब्दांपेक्षाही चलाख आहे ते आपलं व्याकरण. मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे. पहिल्या क्रियापदात गोष्ट आपोआप होते, दुसऱ्यात कुणीतरी ती करतो. आता लॅबमध्ये बीकरचं काय होतं ते आठवा. बीकर नेहमी ‘फुटतो’. तो कुणी फोडल्याची घटना आपल्या लॅबच्या इतिहासात नाही. लेक्चर ‘राहून जातं’, असाइनमेंट ‘विसरायला होते’, उशीर ‘होतो’. कुणी केला? छे, झाला! ‘चूक झाली’ आणि ‘मी चुकलो’ या दोन वाक्यांत फरक एका माणसाचा आहे. पहिल्यात तो माणूस गायब आहे.

इंग्लंडमध्ये जे. एल. ऑस्टिन नावाचे तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांनी १९५६ साली नेमक्या याच विषयावर, म्हणजे सबबींवर, एक व्याख्यान दिलं होतं. त्यांनी केलेला भेद साधा आहे. समर्थन करणारा म्हणतो, हो, मी केलं, पण त्यात वाईट काय? सबब सांगणारा म्हणतो, हो, वाईट झालं, पण ते पूर्णपणे माझ्यामुळे झालं नाही. एक जण कृत्य मान्य करतो, दुसरा दोष मान्य करतो. दोन्ही एकदम मान्य करणारा मात्र विरळा!

हा फरक मराठी रंगभूमीवर बघायचा असेल तर गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ बघा. १९१९ सालचं नाटक. कोर्टातला अपमान आणि रद्द झालेली सनद हे सुधाकराच्या हातात प्याला येण्याचं निमित्त. ही झाली सबब, ऐकताना आपल्यालाही वाईट वाटतं. तळीरामाला असल्या सबबीची गरजच नाही. तो चक्क आर्य मदिरा मंडळ काढतो. हे झालं समर्थन. आणि नाटकाचं नुसतं नाव घेतलं तरी पुरे. एकच! जगातली सगळ्यात जुनी सबब नावातच आहे. आपल्याकडे ती ‘एकच एपिसोड’, ‘एकच मॅच’, ‘पाचच मिनिटं झोपतो’ अशी रोज चालू असते.

पुढे १९५७ साली साइक्स आणि मॅट्झा या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी गुन्हेगारीकडे वळलेली मुलं स्वतःची समजूत कशी घालतात याच्या पाच तऱ्हा मांडल्या. हॉस्टेलच्या भाषेत त्या अशा होतात. एक, ‘माझा काय दोष, सगळे ओढून घेऊन गेले.’ दोन, ‘त्याने कुणाचं काय बिघडलं?’ तीन, ‘त्याची तीच लायकी होती.’ चार, ‘सर स्वतः तरी वेळेवर येतात का?’ पाच, ‘दोस्तासाठी करावंच लागतं यार.’ पाचवी तऱ्हा म्हणजे प्रॉक्सी. मैत्रीच्या नावाखाली दुसऱ्याची हजेरी लावणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हणत नाही, ते बरोबरच आहे. पण समजूत घालण्याची यंत्रणा तीच आहे, फक्त कमी पॉवरवर चालते एवढंच.

इथवर हसत हसत आलो. आता जरा आजूबाजूला बघू, कारण आपण राहतो त्या चारकोपला कारणांचा चांगलाच अनुभव आहे.

१९८५ पासून जागतिक बँकेच्या मदतीने मुंबईत जो नागरी विकास प्रकल्प राबवला गेला त्यातून म्हाडाने चारकोपची ही सेक्टरवार वसाहत उभी केली. कल्पना साधी होती. पाणी, गटार, रस्ता यांची सोय केलेले छोटे छोटे भूखंड लोकांना द्यायचे आणि घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. आज आपण ज्या गल्ल्यांतून वडापाव शोधत फिरतो तिथे एका घराचा जिना दुसऱ्यासारखा नाही तो यामुळेच. मला या योजनेत आवडते ती गोष्ट ही, की कुणाचं काम कुठे संपतं आणि कुणाचं कुठे सुरू होतं हे आधी ठरलेलं होतं. गटार तुंबलं तर घरमालकाचा दोष नाही आणि भिंतीला ओल आली तर म्हाडाचा नाही. सबबीला लागते ती अंधारी, धूसर जागा. सीमारेषा स्पष्ट असली की सबबीचा श्वास कोंडतो.

याच्या उलटही चारकोपने पाहिलं. ऑगस्ट २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते चारकोप-वांद्रे-मानखुर्द मेट्रोचं भूमिपूजन झालं. सुमारे ३२ किलोमीटरचा मार्ग, नावात पहिलंच चारकोप! नोव्हेंबर २०१४ मध्ये तो करार रद्द झाला. मधल्या पाच वर्षांत काय झालं? कारणं झाली. कारडेपोची जागा, किनारपट्टीच्या नियमांच्या मंजुऱ्या, मार्गासाठी लागणारी जमीन. या अडचणी खोट्या नव्हत्या. पण भूमिपूजनाच्या दिवशीसुद्धा चारकोपची खाडी आणि तिवरं जागच्या जागीच होती ना? ती काही नंतर उगवली नाहीत. पुढे मार्गाची नव्याने आखणी झाली, दहिसर ते अंधेरी पश्चिम हा ‘२ अ’ मार्ग वेगळा काढला, त्याचं काम २०१६ मध्ये सुरू झालं, २ एप्रिल २०२२ रोजी डहाणूकरवाडीपर्यंतचा पहिला टप्पा आणि १९ जानेवारी २०२३ रोजी पुढचा टप्पा सुरू झाला. आज आपण डहाणूकरवाडीला मेट्रोत बसतो. चारकोप नावाचं स्टेशन त्या मार्गावर नाही. चारकोपच्या वाट्याला आला तो डेपो!

दुसरं उदाहरण अंधेरीचं. गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये वाहतुकीला बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुली झाली, आणि सगळ्या मुंबईने पाहिलं की शेजारचा बर्फीवाला पूल त्याला जुळतच नाही, पातळीच वेगळी! कारण सांगितलं गेलं की रेल्वेमार्गावरच्या पुलाच्या उंचीचा नियम बदलला होता, त्यामुळे नवा पूल उंच करावा लागला. कारण खरं आहे. पण पुढचा ‘का’ कोण विचारणार? उंची वाढणार हे कळलं त्याच दिवशी दुसऱ्या टोकाचं काय करायचं हे का ठरलं नाही? शेवटी जॅक लावून बर्फीवाला पुलाचे गाळे उचलले आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. म्हणजे उपाय होता. तो आधी सुचायला हवा होता, एवढंच.

इथे आपल्या धंद्याचा संबंध येतो. टोयोटाच्या कारखान्यांत शिकवतात की बिघाड झाला तर पाच वेळा ‘का’ विचारा. मशीन का थांबलं? फ्यूज उडाला. फ्यूज का उडाला? लोड जास्त झाला. लोड का वाढला? बेअरिंगला तेल पोचलं नाही. असं करत करत खाली जायचं. माझ्या मते कारण आणि सबब ओळखायची सोपी कसोटी हीच आहे. कारणाला पुढचा ‘का’ विचारला की ते आपल्याला आणखी खोल नेतं. सबबीला पुढचा ‘का’ विचारला की सांगणारा चिडतो!

आणि चिडणं महागात पडतं. चॅलेंजर यान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात अंतराळवीर गेले. थंडीत रबरी ओ-रिंग्ज नीट काम करणार नाहीत हे कंत्राटदार कंपनीच्या इंजिनीअर्सनी आदल्या रात्री सांगितलं होतं. ऐकलं गेलं नाही. त्याआधीच्या उड्डाणांतही त्या रिंग्ज झिजलेल्या सापडल्या होत्या, आणि दर वेळी स्पष्टीकरण तयार होतं की मागच्या वेळी काही झालं नाही, म्हणजे चालतंय. समाजशास्त्रज्ञ डायन व्हॉन यांनी १९९६ साली यावर मोठं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की यात कुणी खलनायक नव्हता. थोडं थोडं चुकीचं रोज चालवून घेतलं आणि ते नेहमीचं झालं. आपण जर्नलमधली रीडिंग्ज सीनियरच्या फाइलवरून उतरवतो तेव्हा म्हणतो, ‘सगळे हेच करतात, आणि कोण बघतंय?’ हे वाक्य आज एका ग्राफपुरतं आहे. नोकरीत ते एखाद्या पुलाच्या ऑडिट रिपोर्टवर जाऊन बसतं.

आता माझा खरा मुद्दा. तो पुलांचा नाही, आपल्या खोल्यांचा आहे.

सबबींचं सगळ्यात मोठं नुकसान वॉर्डनसरांचं होत नाही. ते खऱ्या कारणाचं होतं. बाजारात खोटी नाणी फार झाली की दुकानदार खरं नाणंही तीनदा आपटून बघतो. दर आठवड्याला पाच जणांची आजी आजारी पडते, म्हणून ज्याची आजी खरोखर आयसीयूत आहे त्याला तिचं अ‍ॅडमिशन कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून दाखवावं लागतं. ‘बरं नाही’ हे तर इतकं स्वस्त झालंय की त्याला आता काही किंमतच राहिलेली नाही. आणि जो मुलगा तीन आठवडे खोलीबाहेर पडत नाही, मेसमध्ये येत नाही, दिवसभर पडदा ओढून पडून राहतो, तोही विचारल्यावर ‘पोट बिघडलंय’ असंच म्हणतो. आपण म्हणतो ‘बरं’, आणि पुढे जातो. कारण आपल्याला वाटतं, हा पण मारतोय. त्याला खरं सांगता येत नाही, कारण मन लागत नाही, घरी पैशाची अडचण आहे, केटीचं ओझं वाढलंय, या गोष्टी अर्जात लिहायच्या कशा? रकाना केवढा, एक इंच! त्या इंचात ‘ताप’ मावतो, म्हणून सगळ्यांना ताप येतो.

इथे स्टाफ मंडळींनाही आदराने दोन शब्द. विद्यार्थी खोटं बोलतात ही तक्रार रास्त आहे. पण नियम जेव्हा असा असतो की खरं सांगितलं तर नाही आणि सर्टिफिकेट आणलं तर हो, तेव्हा आपण मुलांना खरेपणा शिकवत नसून कागद जमवायला शिकवतो. नाक्यावरचा डॉक्टर सर्टिफिकेट देतो, फी घेतो, आणि सगळ्यांना माहीत असतं की सगळ्यांना माहीत आहे. शिवाय कारणं देण्याचं काम फक्त खालच्यांनीच का करायचं? ‘तांत्रिक कारणास्तव’, ‘अपरिहार्य कारणास्तव’, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ ही वाक्यं नोटीस बोर्डावर वर्षानुवर्षं लटकतात. ज्या नोटिशीत कारण हा शब्द आहे त्यातच नेमकं कारण नसतं, हा चमत्कार आहे. पाणी का आलं नाही, तर ‘मोटर जळाली, गुरुवारपर्यंत दुरुस्त होईल’ असं लिहायला किती शाई लागते? आम्हाला एक ओळ खरी द्या, आम्ही परत एक खरी ओळ देऊ.

यावर नेहमीचा आक्षेप येईल. ‘खरं सांगून बघ, मग कळेल!’ मान्य. आज जो खरं सांगेल तो मार खाईल आणि थाप मारणारा गोव्याला जाऊन येईल. एकट्याने हरिश्चंद्र होण्यात अर्थ नाही. म्हणून मी हरिश्चंद्र होण्याचं आवाहन करत नाही. मी नियम बदलायला सांगतो आहे. तीनच सूचना आहेत.

पहिली, प्रत्येक सेमिस्टरला प्रत्येक विद्यार्थ्याला दोन दिवस आणि दोन उशिराच्या रात्री विनाकारण द्याव्यात. विनाकारण म्हणजे कारण न विचारता. नाव लिहा, फोन नंबर लिहा, जा. स्टाफला नैमित्तिक रजा असते, तशी ही आमची. निम्म्या थापा इथेच संपतील. ज्याला सिनेमाला जायचंय त्याला आजीला आजारी पाडावं लागणार नाही. आजीही खूश!

दुसरी, रजिस्टरचा शेवटचा रकाना बदलावा. ‘कारण’ काढून ‘आता पुढे काय’ असं लिहावं. सबमिशन झालं नाही, ठीक आहे. ‘शुक्रवारी चारपर्यंत देतो’ असं लिहा. का झालं नाही यावर भांडत बसण्यापेक्षा कधी होणार हे ठरलेलं बरं. शुक्रवारी चारला दिलं नाही तर मात्र खुशाल दंड करा, तेव्हा कुणी हात वर करणार नाही.

तिसरी सूचना आपल्याआपल्यात. रूममेट सलग आठवडाभर ‘पोट बिघडलंय’ म्हणाला तर एकदाच आणखी एक ‘का’ विचारायचा. चौकशी आयोगासारखा नाही. चहा घेऊन जायचं, दार लावायचं आणि विचारायचं. तो सांगेलच असं नाही. पण विचारणारा आहे हे त्याला कळेल, आणि गरज पडली तर वॉर्डनसरांपर्यंत किंवा काउन्सेलरपर्यंत त्याच्यासोबत चालत जाणारा आहे हेही कळेल.

भाषेने आपल्याला सबबींसाठी एवढे शब्द दिले याचा मला राग नाही. सारवासारव, लोणकढी, बतावणी हे शब्द गेले तर मराठी ओकीबोकी होईल. ते असू द्या, गप्पांत वापरा, स्किटमध्ये वापरा. फक्त त्यांच्याबरोबर ‘झालं नाही माझ्याकडून’ हे साधं वाक्यही वापरात राहू द्या. त्यात कर्ता आहे, क्रिया आहे, आणि पुढच्याला काही मदत करायची असेल तर तिला जागाही आहे.

पटलं तर अंमलात आणा, नाही पटलं तर पुढच्या अंकात उत्तर लिहा. आणि उत्तर वेळेत आलं नाही तर संपादक कारण विचारणार नाहीत. तारीख विचारतील!